पेशीचे आवरण आणि पेशीचा नियोजित मृत्यू

“कर्करोगात नेमके काय बिघडते?” हा प्रश्न अकलूज व परिसरातील रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर शोधताना पेशीच्या जन्माइतकेच तिच्या मृत्यूकडेही पाहावे लागते.

निरोगी शरीरात दररोज अब्जावधी पेशी ठरल्या क्रमाने नाहीशा होतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. हा जणू जमाखर्चाचा मेळच होय. १९७२ साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी या मृत्यूस ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. भाजल्यामुळे मरणारी पेशी फुगून फुटते व दाह होतो. येथे मात्र पेशी आकसते, तिचे तुकडे होतात व इतर पेशी ते गिळून टाकतात.

मृत्यूचा आदेश पुष्कळदा पेशीच्या आवरणावर येतो. हे मेदाचे आवरण सर्वत्र सारखे नसते. कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिड यांचे सूक्ष्म पुंजके त्यात तराफ्यांप्रमाणे तरंगतात, ही कल्पना १९९७ साली सायमन्स व इकोनेन यांनी मांडली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले डॉ. सत्यजित मेयर यांनी बंगळूर येथे सहकाऱ्यासह १९९८ साली जिवंत पेशींवरील अशा पुंजक्यांचा पुरावा दिला. आदेश मिळताच ‘फास’ हे प्रथिन अनेक प्रकारच्या पेशींत या तराफ्यांवर एकवटते. त्यामुळे आतील ‘कॅस्पेज’ विकरे कार्यान्वित होऊन पेशीचे विघटन सुरू होते. परंतु जगत राहण्याचे संदेशही याच तराफ्यांवरून जातात. कर्कपेशी मृत्यूचा आदेश चुकविते व जगण्याचा तेवढा ऐकते.

तराफ्यांवर बेतलेली औषधे कर्करोगाच्या नित्य उपचारांत अद्याप रूढ झालेली नाहीत. म्हणून बातमी वाचून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नयेत. केमोथेरपी व किरणोपचार बऱ्याच अंशी हीच मृत्युयंत्रणा जागी करतात. ऊसतोडीच्या हंगामामुळे वा पैशाअभावी ते अर्धवट सोडल्यास उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू शकतात.

आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोकशिक्षणाने रोग लवकर ध्यानात येतो, हे तेथील कार्यातून दिसून आले. न दुखणारी गाठही वेळीच दाखवावी, ही रुग्णबंधूभगिनींना विनंती. कोणाचेही उपचार पैशाअभावी मध्येच थांबू नयेत, यासाठी देणगीदारांचे साहाय्य मोलाचे आहे.