दरवाजा तोडण्याआधी

विडंबन म्हणजे टिंगल, असं लिहून मुलं मोकळी होतात. मग आत्मविडंबन म्हणजे काय? ते समजवायला ‘सीआयडी’ बरी पडते. ही मालिका १९९८ ला सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ च्या डिसेंबरात परत आली. मालिका चालू असतानाच दया आणि त्याने तोडलेले दरवाजे यांवर इतके विनोद झाले, की ‘सिंघम रिटर्न्स’ मध्ये दयानंद शेट्टींनाच दया म्हणून घेतलं आणि दरवाजा तोडायला लावला. ज्याची चेष्टा चालली होती, तोच चेष्टेत सामील झाला.

आता दुसरी बाजू. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही नावं आजोबांना विचारा, डोळे चमकतील. नातवाला मात्र झुंजारची नक्कल करता येणार नाही, कारण नक्कल करायला आधी मूळ पाठ लागतं. टिंगल होतेय तोवर वाचक आहेत, असं मी धरून चालतो.

शिमग्यात खेळ्यांबरोबर येणारा संकासुर बघा. पुराणात वेद पळवणारा असुर. इथे काळ्या पोशाखात पोरांच्या अंगावर धावतो. पोरं किंचाळतात आणि लगेच खिदळतात. खेळे टिकलेत ते देवाच्या श्रद्धेवर, हे खरंच. पण पोरं मागून धावतात ती याच्यासाठी!

हाच धागा धरून नववीला एक प्रसंग दिला: रात्री मांडवीच्या जेटीवर बेवारस पेटी सापडते. आधी सरळ रहस्यकथा लिहायची, मग तीच कथा, रहस्यकथेची एखादी ठरलेली युक्ती हास्यास्पद होईल इतकी ताणून. बहुतेकांनी दरवाजा तोडला. जेटीवर दरवाजा कुठला? एका मुलीने तो आधी सुतार बोलावून बसवून घेतला, मग तोडला. तिला पैकीच्या पैकी.

खटकलं ते वेगळंच. पुस्तकातल्या गुप्तहेराची चेष्टा फक्त दोघांना जमली. बाकी सगळं टीव्हीवरचं. पालकहो, रहस्यकथा हातातून काढून ‘अभ्यासाचं वाच’ म्हणता ना, त्याचाही यात थोडा वाटा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. मुलांना घेऊन जा, रहस्यकथांच्या कपाटापाशी थोडा वेळ सोडून द्या.

वर्गात आम्ही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला घेतलाय. मधल्या सुट्टीत कुणी आपणहून ‘ट्टॉक’ केलं, की विडंबनाचा पुढचा पाठ घेईन.