आजीलाही सोबत न्यायचं असेल तर

सांगली-साताऱ्याकडं उन्हाळी सुट्टीचा बेत बहुतेक घरांत मुलांची परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या शेवटाला ठरतो. तोवर मुक्कामाच्या खोल्या भरलेल्या असतात, रेल्वेची तिकिटं वेटिंगवर गेलेली असतात आणि घरातलं कुणीतरी मागं राहतं. बहुधा आजी, नाहीतर म्हशीची धार काढणारी सून. सगळ्यांनी मिळून जायचं असेल तर जानेवारीतच तयारीला लागावं.

ठिकाण आधी ठरवू नका. दरवर्षी मागं कोण राहतं आणि का, हे आधी विचारा. आजीचे गुडघे दुखत असतील तर किल्ला बेतातून वगळा. जनावरांमुळं सून अडकत असेल तर भावकीत किंवा शेजारी आत्ताच बोलून ठेवा: आपण नसताना धारा, वैरण आणि डेअरीला दूध घालणं त्यांनी बघायचं, ते गावाला जातील तेव्हा आपण. हा शब्द पक्का झाला की निम्मा बेत झाला.

मग तारीख. भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेऊन त्यावर गावची जत्रा आणि भावकीतली लग्नं खुणा करून ठेवा. जत्रा तिथीवर चालते, त्यामुळं गेल्या वर्षीची तारीख धरू नका. त्यानंतर शेतीची कामं. तासगाव-मिरजेकडं एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाली की मागोमाग विरळणी येते. हळद लावणारा अक्षय्य तृतीयेच्या आसपास घर सोडत नाही. ऊस असेल तर पाण्याची पाळी बघावी लागते. शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात, जूनच्या मध्याला भरतात आणि मृगाआधी रानाची मशागत उरकायची असते. या सगळ्यातून बहुतेक घरांना मेच्या दुसऱ्या आठवड्यातले चार दिवस काढता येतात. ते सोमवार ते गुरुवार असू द्या. शनिवार-रविवारी पसरणी घाटात आणि पाचगणीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, त्यात म्हाताऱ्या माणसांचे आणि लहान पोरांचे हाल होतात.

आता ठिकाण. कास पठार मेमध्ये बघण्यात अर्थ नाही, तिथली फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. ठोसेघरचा धबधबाही पावसाळ्यातला. वासोट्याची चढण उन्हात म्हाताऱ्यांना झेपणारी नाही. माझ्या मते सांगलीकरांनी एकदा तरी कृष्णेच्या काठाकाठानं वर जावं. सकाळी लवकर हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघून निघा, वाटेत औदुंबरला दत्ताचं दर्शन घ्या आणि कऱ्हाडला मुक्काम करा. ऊन उतरल्यावर प्रीतिसंगमावर जा. तिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात आणि काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. मुलांना नकाशात ही जागा आधीच शोधायला लावा, तिथं पोचल्यावर त्यांनाच बोलू द्या. दुसऱ्या दिवशी वाईला पोचा. ढोल्या गणपती आणि घाट संध्याकाळी, पायऱ्या थंड झाल्यावर. तिसऱ्या दिवशी गाडी ठरवून वर जा: आधी भिलार, मग क्षेत्र महाबळेश्वर. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथं घराघरांत बसून वाचता येतं, आणि आजीला सावलीत टेकायलाही मिळतं. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णेचा उगम मानतात. जी नदी घरामागं रोज बघतो तिचं मूळ आजीनं हात जोडून बघणं, यासाठी एवढा प्रवास करावा. वर स्ट्रॉबेरीचा हंगाम तेव्हा सरत आलेला असतो, पण करवंदं आणि जांभळं मिळतात. चौथ्या दिवशी सकाळी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची पोर्तुगीज घंटा बघून परतीला लागा.

सातारकरांनी हाच रस्ता उलटा धरावा. खाली सांगलीचं गणपती मंदिर आहे, आणि मिरजेत सतारी बनवणारी घराणी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्याची सतार कशी होते हे कारागिरांना आधी विचारून, परवानगी घेऊन पोरांना दाखवा. मात्र सांगलीकडं दुपारी फिरू नका, ११ ते ४ घरात किंवा खोलीत राहा.

खोल्यांचं आरक्षण फेब्रुवारीत करा आणि तळमजल्याची खोली मागून घ्या. मुक्काम महाबळेश्वरला न ठेवता वाईला ठेवावा असं मी आग्रहानं सांगेन. वाईहून पाचगणी १२-१३ किलोमीटर, त्यापुढं महाबळेश्वर २० किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे दिवसात जाऊन येता येतं.

मुंबईहून काका-आत्या येणार असतील तर त्यांना रेल्वेचं आधी सांगा. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. १० मेची गाडी हवी तर ११ मार्चला सकाळी ८ वाजता तयार राहावं लागतं. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीकडं आहे, तिथून न्यायला कोण जाणार तेही तेव्हाच ठरवा.

खर्च कमी करायचा तर एसटी धरा. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या पुढं मोफत. आजीचं आधार कार्ड पिशवीत तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा. कार्डावरची जन्मतारीख चुकीची असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती जानेवारीतच बघा.

निघायच्या आदल्या दिवशी धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी करा, दशम्या सकाळी. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या दोन दिवस जादा घ्या आणि त्यांची चिठ्ठी सोबत असू द्या. बाकी सामान निम्म्यावर आणा. बसमध्ये चढताना ते आपल्यालाच उचलायचं असतं.

आणि यंदा जायचं मनात असेल तर खोली आणि गाडी बघण्याआधी शेजारच्यांशी म्हशीचं बोलून घ्या.