रक्ताचा दाब

मनुष्याचें हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतें. प्रत्येक आकुंचनासरशी रक्त धमन्यांत लोटलें जातें, आणि त्याचा धमन्यांच्या भिंतींवर जो भार पडतो, त्यास रक्तदाब म्हणतात. हा दाब मुळींच नसता, तर मस्तकापर्यंत रक्त पोंचलेंच नसतें. अर्थात् रक्तदाब हा रोग नव्हे. तो प्रमाणाबाहेर वाढणें हा रोग होय. हा भेद वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावा.

हा दाब मोजण्याचा पहिला प्रयत्न इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें केला. त्यानें एका घोडीच्या धमनीस कांचेची उभी नळी जोडिली, तेव्हां तींत रक्त ८ फुटांहून अधिक उंच चढलें. हा वृत्तान्त त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. माणसावर असला प्रयोग करणें शक्य नव्हतें. पुढें १८९६ सालीं इटलींतील रिव्हा-रोची यानें दंडास गुंडाळावयाचा पट्टा योजिला, व १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कोव्ह यानें धमनींतील आवाज नळीनें ऐकण्याची रीत शोधिली. तेव्हांपासून दोन आंकडे घेतात : हृदय आकुंचन पावतें तेव्हांचा वरचा, व सैल पडतें तेव्हांचा खालचा. निरोगी प्रौढाचा दाब पाऱ्याच्या मापानें १२०/८० मिलिमीटरांच्या आसपास असतो. तो पुनःपुन्हां १४०/९० किंवा अधिक भरूं लागला, म्हणजे वाढला असें समजतात.

ताप हात लावतांच कळतो; जखम डोळ्यांनीं दिसते. वाढलेला दाब मात्र बहुधा कांहींच सांगत नाहीं, आणि वर्षानुवर्षें हृदय, मेंदू, डोळे व मूत्रपिंडें यांस जाच करीत राहतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६/१०८ होता. वयाबरोबर दाब चढणें स्वाभाविकच, अशी त्या काळीं अनेक डॉक्टरांची समजूत होती, आणि खात्रीचें औषधही नव्हतें. ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं त्यांचा दाब ३००/१९० झाला व मेंदूंत रक्तस्राव होऊन त्यांचें निधन झालें.

यानंतर १९४८ सालीं अमेरिकेंतच फ्रेमिंगहॅम या गांवीं ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनीं तपासणी करण्यास आरंभ झाला. पुढें त्यांच्या मुलांची व नातवंडांचीही तपासणी झाली. त्यावरून वाढलेला दाब हा हृद्रोगाचा व पक्षाघाताचा अग्रदूत आहे, हें निःसंशय ठरलें.

दाब वाढण्याचीं कारणें कोणतीं? वय व आनुवंशिकता यांवर आपला इलाज नाहीं. बाकीचीं बहुतेक आपल्या घरांतच आहेत. पहिलें मीठ. तें शरीरांत पाणी धरून ठेवितें व रक्ताचें आकारमान वाढवितें. प्रौढ मनुष्यास दिवसास ५ ग्रॅमांहून कमी मीठ पुरे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण लोणचें, पापड, फरसाण व खारे मासे पानांत असले, म्हणजे ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. दुसरें तंबाखू. तिनें रक्तवाहिन्या आकसतात. याशिवाय स्थूलपणा, बैठी राहणी, मद्यपान व अपुरी झोंप हींही कारणें आहेत. उलट पालेभाज्या, फळें आणि रोज अर्धा तास झपझप चालणें यांनीं दाब आटोक्यांत राहण्यास साहाय्य होतें.

औषधांचीही आतां वाण नाहीं. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा या विकारावरील गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला व जगाचें लक्ष वेधलें. आज त्याहूनही सोयीचीं औषधें मिळतात. परंतु बरें वाटूं लागतांच पुष्कळ लोक तीं आपण होऊन बंद करितात. हें फार घातक आहे; कारण दाब औषधानें उतरलेला असतो, गेलेला नसतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांस आमचें एवढेंच सांगणें आहे : आपल्या घरच्या वडील मंडळींनीं दाब शेवटचा केव्हां मोजविला, हें आज घरीं गेल्यावर विचारा. उत्तर ‘आठवत नाहीं’ असें आलें, तर त्यांस दवाखान्यांत घेऊन जा. मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें त्यांस स्वस्थ बसूं द्यावें. अर्धा तास आधीं चहा व तंबाखू वर्ज्य करावी. आणि पालकांसही आमची विनंती आहे, कीं मुलानें असें विचारल्यास त्यास हंसून वाटेस लावूं नये.