जगभर गल्ला भरायचाय? आधी मासा लपवा

आपल्याकडे हल्ली मुहूर्ताचा नारळ फुटायच्या आत ‘जगभर प्रदर्शित’ची घोषणा होते. पोस्टरवर पाच भाषांची नावं, मागे जळतं शहर, पुढे पाठमोरा नायक. पैसा ओतला की जग आपोआप तिकीटखिडकीवर येतं, असा समज आहे. डिस्नेला पैशांचा तोटा नव्हता, तरी २०१२ साली ‘जॉन कार्टर’नं त्यांना सुमारे वीस कोटी डॉलरचा फटका दिला. उलट २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’ला दीड कोटी डॉलरसुद्धा लागले नाहीत, असं त्याचा दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी सांगतो. त्या सिनेमानं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर नेलं.

‘जगाचा प्रेक्षक’ नावाचा कोणी माणूस नसतो. ओसाकातला ओसाकातच बसून बघतो, सोलापुरातला सोलापुरात. पडद्यावरचा माणूस कशाच्या मागे आहे आणि त्याच्या हातून काय निसटू शकतं, एवढं दोघांनाही न सांगता कळलं पाहिजे. ते कळलं की दोघेही थांबायला तयार असतात. खालची यादी त्या थांबण्याबद्दलच आहे.

काय करावे

राक्षस उशिरा दाखवावा. स्टीव्हन स्पीलबर्गनं ‘जॉज’ (१९७५) मार्थाज व्हिनयार्डच्या खऱ्या समुद्रात चित्रित करायला घेतला. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरला की बिघडायचा. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं. मासाच चालत नाही म्हटल्यावर दाखवायचं काय? मग पाण्यावरून पिवळी पिंपं धावली, संगीतकार जॉन विल्यम्सचे दोन सूर वाजले आणि कॅमेरा पाण्याखालून पोहणाऱ्यांच्या पायांकडे बघू लागला. मासा धडपणे दिसायला तासाहून अधिक वेळ जातो. तोवर प्रत्येकानं मनात आपापला मासा तयार केलेला असतो, आणि तो स्टुडिओतल्या माशाहून कितीतरी मोठा असतो.

हे केवळ नाइलाजातून झालं म्हणावं, तर १८ वर्षांनी यंत्रं सुधारली आणि संगणकही आला, तरी ‘ज्युरासिक पार्क’मध्ये स्पीलबर्गनं हात आखडताच ठेवला. दोन तासांहून मोठ्या सिनेमात सगळे डायनोसॉर मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास दिसतात. टी-रेक्सच्या आधी काय येतं, तर गाडीत ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर उठलेले गोल तरंग. ते नेमके गोल यावेत म्हणून डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून छेडली होती. १९९४ मध्ये हाच सिनेमा हिंदीत डब होऊन आला तेव्हा डीएनए म्हणजे काय डोंबल ते आपल्याकडच्या पोरांना कळलं नसेल. पाणी हललं की खुर्ची घट्ट धरायची, हे मात्र बरोबर कळलं.

आधी नकाशा समजवावा, मग जहाज बुडवावं. ‘टायटॅनिक’ बुडणार हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कसं बुडणार, हे जेम्स कॅमेरॉन सुरुवातीलाच सांगून टाकतो. शोधजहाजावरचा एक दाढीवाला गडी म्हाताऱ्या रोझसमोर संगणकावरचं चलतचित्र लावतो. पाणी कप्प्याकप्प्यातून पुढे सरकतं, नाक खाली जातं, मागचा भाग उचलला जातो, जहाज मधोमध मोडतं. सांगण्याचा सूर जवळजवळ गमतीचा. बघणाऱ्याला वाटतं, चला, माहिती मिळाली. प्रत्यक्ष बुडताना कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. डेक तिरपा झाला की पुढं काय होणार ते आपल्याला जॅक-रोझच्या आधी माहीत असतं, आणि जीव टांगणीला लागतो तो त्यामुळेच. आपल्या पटकथाकारांनी तो प्रसंग घड्याळ लावून बघावा.

मैत्री, वैर, बेत, सगळं शक्यतो न बोलता उरकावं. ‘आरआरआर’मधला पुलाचा प्रसंग आठवा. आगगाडीच्या टँकरला आग लागलीय, खाली नदीत एक मुलगा अडकलाय. पुलावर राम, काठावर भीम. ओळख नाही. हातांच्या खुणांनी बेत ठरतो. एकाकडे घोडा, दुसऱ्याकडे मोटारसायकल, मध्ये दोर. दोघं पुलाच्या दोन बाजूंनी उड्या घेतात, आगीवर लोंबकळत पोराला उचलतात आणि शेवटी एकमेकांचे हात धरतात. वाक्य एकही नाही. पुढचा अख्खा सिनेमा ज्या मैत्रीवर उभा आहे ती इथंच पक्की झाली, आणि तेही सबटायटलला काम न देता. २०२२ च्या ऑक्टोबरात हा सिनेमा जपानात लागला आणि तिथं महिनोन्महिने चालला. दिग्दर्शक राजामौळींचं भौतिकशास्त्र कच्चं आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी खुशाल करावी. थिएटरातला माणूस त्या क्षणी न्यूटनच्या बाजूनं नसतो.

गोष्ट आपल्याच गावची सांगावी, तपशिलासकट. ‘दंगल’ हरियाणातल्या आखाड्याच्या मातीत लोळतो. मे २०१७ मध्ये तो चीनमध्ये लागला आणि तिथं त्यानं भारतातल्यापेक्षा जास्त कमावलं. हरियाणवी बोलीचं तिथं कोणाला काय पडलंय? पण पहाटे पाचला पोरींना उठवून पळायला लावणारा, त्यांच्या वाट्याची चिंचगोळी-पाणीपुरी बंद करणारा बाप कुठल्याही घरात ओळखीचा असतो. ‘गॉडझिला मायनस वन’ची सुरुवात राक्षसापासून होतच नाही. आत्मघाती मोहिमेवर निघालेला एक वैमानिक इंजिन बिघडल्याचं खोटं सांगून वाटेतच उतरतो, तिथून गोष्ट सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानची ती लाज आहे. गॉडझिला त्या लाजेवर नंतर येऊन उभा राहतो.

रजनीकांतचा ‘मुथू’ १९९८ मध्ये टोकियोत गर्दी खेचत होता, ‘आवारा’नं १९५४ मध्ये सोव्हिएत संघ वेडा केला. यातलं काहीही तिकडच्या बाजारावर डोळा ठेवून काढलेलं नव्हतं.

आवाजावर पैसे टाकावेत. ‘स्टार वॉर्स’मधली प्रकाशाची तलवार डोळे मिटूनही ओळखू येते. ध्वनिकार बेन बर्टनं ती गुणगुण जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरमधून आणि टीव्हीच्या नळीतून मिळवली. आपल्याकडे ध्वनीचं बजेट म्हणजे शेवटी उरेल ते.

मोठा पडदा कशाला हवा, याचं उत्तर तयार ठेवावं. ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये नट खऱ्या लढाऊ विमानात मागच्या सीटवर बसले होते, आणि गुरुत्वाच्या दाबानं ताणलेले त्यांचे चेहरे खरे आहेत. करोनात तो ओटीटीवर टाकला नाही, दोन वर्षं थांबवून धरला. मे २०२२ मध्ये लागला आणि जवळपास दीडशे कोटी डॉलर घेऊन गेला.

डबिंगला नट शोधावा, नुसता आवाज नव्हे. हिंदी ‘बाहुबली’त प्रभासच्या तोंडी शरद केळकर आहे. तो आवाज काढून टाका आणि उत्तरेतली निम्मी जादू गेली म्हणून समजा.

काय टाळावे

परक्या देशाला खूश करणारा तुकडा चिकटवू नये. ‘आयर्न मॅन ३’च्या चिनी आवृत्तीत काही मिनिटं जादा होती. त्यात तिथली लोकप्रिय नटी होती आणि दुधाच्या एका पेयाची जाहिरातही. सिनेमा चीनमध्ये चालला, पण त्या तुकड्याची चिनी प्रेक्षकांनीच खिल्ली उडवली. ‘द ग्रेट वॉल’ तर दोन्हीकडच्या लोकांसाठी म्हणूनच जुळवलेला होता. झांग यिमोचं दिग्दर्शन, मॅट डेमन नायक, पंधरा कोटी डॉलरचा खर्च. अमेरिकेत साडेचार कोटींवर थांबला, चीनमध्येही अपेक्षेइतका धावला नाही. पाहुणा येणार म्हणून पिठल्यात चीज घातलं तर पाहुणाही जेवत नाही आणि घरचेही.

याला एक अपवाद करावा. ‘इनसाइड आउट’मधली लहानगी ब्रोकोली बघून तोंड वाकडं करते, जपानी आवृत्तीत तिथं ढोबळी मिरची आली, कारण तिथली पोरं ब्रोकोली आवडीनं खातात. तिथं भाजी बदलली, पण वाकडं तोंड तेच राहिलं. एवढा फेरफार चालतो.

गोष्टीतून गाव उपटू नये. वरच्या मुद्द्याचाच हा भाऊबंद. ‘सैराट’ची हिंदी ‘धडक’ उदयपूरच्या महालांत गेली. लोकेशन देखणं झालं, जात पुसट झाली, आणि शेवटच्या दृश्याचा घाव उथळ लागला.

पहिला सिनेमा उभा राहायच्या आत मालिका जाहीर करू नये. २०१७ च्या मे महिन्यात युनिव्हर्सलनं ‘डार्क युनिव्हर्स’ची घोषणा केली. नाव, बोधचिन्ह, बड्या नटांचा एकत्र फोटो, सगळा थाट. पुढच्याच महिन्यात पहिला सिनेमा ‘द ममी’ आला, पडला, आणि ती मालिका फोटोतच राहिली. मार्व्हलनं २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’च्या श्रेयनामावलीनंतर एक छोटा प्रसंग ठेवला होता, तेवढाच. कटप्पानं बाहुबलीला का मारलं, हे देशानं दोन वर्षं एकमेकांना विचारलं, कारण मारला गेलेला माणूस लोकांना आधी आवडला होता.

पहिला भाग कशामुळे हिट झाला ते विसरून दुसरा काढू नये. ‘जोकर’ (२०१९) हॉलिवूडच्या मानानं स्वस्तातला, शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेला. दुसऱ्या भागावर वीस कोटींच्या घरात खर्च झाला आणि जगभरातून मिळून जेमतेम तेवढेच आले. ज्या माणसाचा राग लोकांनी पहिल्यांदा पाहिला होता, त्याला कोर्टात बसवून गाणी गायला लावलं. प्रयोग म्हणून मला त्याचं कौतुक आहे. गल्ला भरायचा असेल तर ते करू नये.

नायकाच्या बाजूला समजावून सांगणारा मित्र ठेवू नये. ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय का की...’ हे वाक्य पटकथेत सापडलं की पान फाडावं.

अर्धवट शिजलेलं ताट वाढू नये. २०१९ च्या डिसेंबरात ‘कॅट्स’ थिएटरात लागल्यावर स्टुडिओनं सुधारलेल्या इफेक्ट्सची नवी प्रत पाठवली. ज्यांनी आधीच तिकीट काढलं होतं त्यांनी तोवर चेष्टा करून घेतली होती.

पहिल्या शुक्रवारच्या आकड्यावर शोकसभा भरवू नये. जोरदार सुरुवातीचा मान ‘जॉज’चा, चारशेहून अधिक थिएटरं आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचा मारा ही रीत त्यानंच रुजवली. पण वीस कोटी डॉलरचा ‘टायटॅनिक’ ठरल्या वेळी, १९९७ च्या उन्हाळ्यात, तयारच झाला नाही. डिसेंबरात लागला, तेव्हा अमेरिकेतल्या पहिल्या तीन दिवसांची कमाई तीन कोटींच्याही आत होती. मग तो सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्याची एका दिवसातली सर्वांत मोठी कमाई पहिल्या आठवड्यातली नाही. ती १४ फेब्रुवारी १९९८ ची आहे, लागून आठ आठवडे उलटल्यानंतरची.