उत्पन्नातील विषमता आणि दारिद्र्य

देशाचे उत्पन्न वाढले की दारिद्र्य आपोआप जाते, असे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. एक साधे गणित करून पाहावे. एका गावात १० घरे असून सर्वांचे मिळून वार्षिक उत्पन्न १० लाख रुपये आहे असे समजू. त्यातील ६ लाख दोन बागायतदारांच्या घरी जातात; उरलेल्या आठ मजूर कुटुंबांना प्रत्येकी ५० हजार मिळतात. गावाचे उत्पन्न १० टक्क्यांनी वाढले, पण वाटणी तीच राहिली, तर मजुराला ५ हजार जास्त मिळतील आणि बागायतदाराला ३० हजार. याउलट उत्पन्न मुळीच न वाढता दोघा बागायतदारांकडून प्रत्येकी ४० हजार कर घेऊन तो आठ घरांकडे वळविला, तर प्रत्येक घरास १० हजार मिळतील. म्हणजे २० टक्के वाढीचे काम वाटणीनेच होते, आणि बागायतदाराकडे २ लाख ६० हजार उरतातच.

पण वाटावे कसे? दीघनिकायातील चक्कवत्ती सीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते, त्यातून चोरी व हिंसा वाढते. पुढे तो पकडलेल्या चोरांना धन देऊ लागतो, तर चोऱ्या आणखीच वाढतात! कूटदन्त सुत्तातील पुरोहिताचा सल्ला अधिक व्यवहारी आहे: शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल, राजसेवकास वेतन द्यावे.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच जातीची होय. १९७२ च्या दुष्काळाने तिला गती दिली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला व तेवढीच भर शासनाने घालावयाची असे ठरले. पगारातून हा कर कापला जातो तेव्हा आपले नोकरदार सभासद कुरकुर करतात. पण शहरातील पगाराचा तो अंश दुष्काळी भागात पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बायांच्या हाती मजुरी म्हणून पडला. शिवाय दुसरीकडे काम मिळते म्हटल्यावर मजुराला मालकाशी मजुरीबाबत बोलण्याचे बळ आले.

मात्र ही मजुरी तुटपुंजी होती. भूक भागली, घर वर आले नाही. आणि तलावाचे पाणी गेले ते ज्याची जमीन होती त्याच्याच विहिरीला. भूमिहीनांना पडीक सरकारी जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली हजारो लोक तुरुंगात गेले, ते यासाठीच.