नेता, संस्था आणि हिरे : बोत्स्वानाचा धडा

(द्वितीय वर्ष कला)

राष्ट्राची प्रगती कशामुळे होते, हा प्रश्न राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांत येतो. कुणी नैसर्गिक संपत्तीला महत्त्व देतो, कुणी भांडवलाला. चर्चेत मात्र आपण ‘चांगला नेता हवा’ एवढे म्हणून थांबतो. चांगला नेता नेमके काय करतो, हे आफ्रिकेतील बोत्स्वाना या देशाच्या उदाहरणावरून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

३० सप्टेंबर १९६६ रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला. चहूबाजूंनी जमीन, बराचसा भाग कालाहारीच्या वाळवंटाचा आणि त्यात दुष्काळ. इंग्रजांनी या देशाचा कारभार देशाबाहेरच्या, दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग गावातून चालवला होता. स्वतंत्र होताना देशात अवघे १२ किलोमीटर डांबरी रस्ते आणि २२ पदवीधर होते, असे अभ्यासक नमूद करतात. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा पहिली काही वर्षे ब्रिटिश अनुदानावर चालत असे.

पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वाटो या मोठ्या जमातीच्या गादीचे वारस. १९४८ मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या इंग्रज स्त्रीशी विवाह केला, म्हणून इंग्रज सरकारने त्यांना मायदेशापासून दूर ठेवले. गादीवरचा हक्क सोडल्यानंतरच, १९५६ मध्ये, ते परतू शकले.

१९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले. ही जागा खामांच्याच जमातीच्या प्रदेशात होती. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने खनिजांवरील हक्क जमातींकडून राष्ट्राकडे गेले. आपल्या माणसांच्या ताटात पडू शकणारी संपत्ती खामांनी सर्वांच्या पंगतीत वाढली. असे झाले नसते, तर हिऱ्यांवरून जमाती-जमातींत तंटे पेटण्याचा धोका होता. १९६८ च्या कायद्याने जमीनवाटपाचा अधिकार जमातप्रमुखांकडून भूमंडळांकडे देण्यात आला. म्हणजे ज्या वर्गातून नेता आला, त्याच वर्गाची सत्ता कायद्याने कमी झाली.

डी बिअर्स या बलाढ्य कंपनीशीही सरकारने घाई न करता सौदा केला. प्रारंभी सरकारचा वाटा १५ टक्के होता. १९७५ मध्ये तो ५० टक्के झाला. हा पैसा विकास योजनांच्या चौकटीतून रस्ते, शाळा, दवाखाने यांवर खर्च झाला. १९७६ मध्ये स्वतःचे चलन आले. त्याचे नाव ‘पुला’, म्हणजे पाऊस. कोरड्या देशाने पैशाला पावसाचे नाव द्यावे, यात नवल नाही.

त्याच वर्षी विद्यापीठासाठी खामांनी लोकांना मदतीचे आवाहन केले. कुणी गुरे दिली, कुणी धान्य, कुणी अंडी. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना त्या दानाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. काँगोत तांबे, कोबाल्ट आणि हिरे यांची रेलचेल. तेथे १९६५ मध्ये मोबुटू यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली आणि पुढे देशाचे नाव झाईर ठेवले. १९७३ मध्ये परकीयांचे मळे व दुकाने देशी हाती देण्याचा निर्णय झाला. राष्ट्रहिताची भाषा तेथेही होती. पण मालमत्ता गेली ती सत्तेजवळच्या मंडळींकडे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडात भरपूर होते. पाणी मधेच मुरले. १९९७ मध्ये मोबुटू देश सोडून पळाले, तेव्हा मागे मोडकळीला आलेले राज्य उरले.

यावर असा आक्षेप घेता येईल की, बोत्स्वानाचे यश एकट्या खामांचे नव्हे. तो खराही आहे. ‘खोत्ला’ या गावसभेत प्रमुखासमोर बोलण्याची परंपरा तेथे जुनीच होती; लोकसंख्याही थोडी होती. तथापि जुनी परंपरा आणि नवे हिरे यांचा मेळ कायद्याने घालणे, हे काम नेतृत्वाचेच होते.

संस्थांची खरी परीक्षा नेता गेल्यावर होते. १९८० मध्ये खामा निधन पावले. उपाध्यक्ष मासिरे यांच्याकडे सत्ता शांतपणे गेली. पुढे अध्यक्षपदाला दहा वर्षांची मर्यादा आली. सर्व काही आलबेल होते असे नव्हे. आर्थिक विषमता मोठी राहिली, एड्सने हाहाकार केला, अर्थव्यवस्था हिऱ्यांवरच विसंबून राहिली. सरकारने सान आदिवासींना कालाहारीतील त्यांच्या भूमीतून हलवले. परंतु २००६ मध्ये देशाच्याच उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला खामांचा पक्ष २०२४ च्या निवडणुकीत हरला आणि अध्यक्ष मासिसी यांनी पराभव मान्य करून खुर्ची सोडली. पक्ष हरला, पण त्याच्या संस्थापकाने घातलेली घडी विस्कटली नाही.

यावरून मला असे वाटते की, नेता किती कणखर आहे एवढेच विचारणे अपुरे आहे. त्याने स्वतःचे आणि स्वतःच्या माणसांचे हात कोणत्या नियमाने बांधून घेतले, हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न मतदार म्हणून नुकतेच नाव लागलेल्या आपणा सर्वांनी विचारण्याजोगा आहे.