सहस्रकुंडचा खडक

मी भूगोल विषय घेतला तेव्हा वडील म्हणाले, “धोंडे बघायला कॉलेजात घातलं का तुला?” आमच्या हलक्या रानात धोंडेच फार. त्यांवर त्यांच्या नांगराचे किती फाळ बोथट झाले!

यंदा श्रावणात त्यांना घेऊन सहस्रकुंडला गेलो. हिमायतनगरच्या आम्हां लोकांना हे ठिकाण दर्शनापुरते माहीत. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा येथे काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ.

हा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरांवर थर पसरून थंड झाला. मऊ थर लवकर झिजतो, टणक थर तग धरतो. नदीच्या वाटेत पायरी पडते व धबधबा होतो. आपल्या डोंगरांचे सपाट माथेही याच थरांचे.

मी वडिलांना म्हणालो, “हाच धोंडा ऊनपावसानं झिजून आपली काळी माती झाली.”

ते बराच वेळ धारेकडे पाहत राहिले. परतताना म्हणाले, “पुढच्या साली बी हाच विषय घे.”

मित्रहो, सहस्रकुंडला जाल तेव्हा पाण्याबरोबर खडकही पाहा.